या नावाचं इथे कोणी नाही

सोमवार, ८ सप्टेंबर २०२५

गणपती गेले. आरास उतरवून कपाटात ठेवताना ही कोरी डायरी हाताला लागली, जुन्या कंपनीने कधीतरी दिवाळीला दिलेली. हिंजवडीची नोकरी जूनमध्ये सोडली, निदान त्यांची डायरी तरी वापरावी.

लिहायचं कारण म्हणजे दिवसभर बोलायला आता कोणी नाही. ऑफिसात चहाच्या मशीनपाशी मनातली निम्मी जळजळ निघून जायची. आता मीच मालक, मीच नोकर आणि चहा घरचा. बावन्नाव्या वर्षी स्वतःचा उद्योग काढतोय म्हटल्यावर नीलिमा फक्त एवढंच म्हणाली, "करा, पण जिवाला लावून घेऊ नका." बायकोने विरोध केला नाही की मला जास्त भीती वाटते.

हातात काम एकच आहे. चाकणला गाड्यांचे पत्र्याचे भाग काढणारा कारखाना. पत्रा दाबून भाग काढणाऱ्या प्रत्येक मशीनला, म्हणजे प्रेसला, एक छोटा कॉम्प्युटर जोडलेला असतो, किती माल निघाला ते तो मधल्या सर्व्हरला कळवतो. ही सगळी जुनी यंत्रणा मला नव्या सर्व्हरवर न्यायची आहे. कारखान्याचे प्रमुख सयाजी साहेब यांनी मुदत दिली आहे खंडेनवमीची. "नवमीची पूजा नव्या सिस्टिमवर झाली तर आमच्या बाकीच्या दोन प्लँटचं कामही तुमचंच, विलासराव. नाही झाली तर मोठी पार्टी तयार बसलीय." नाही झाली तर मला पुन्हा बायोडेटा घेऊन ओवीच्या वयाच्या पोरांसमोर मुलाखतीला बसावं लागेल. ओवी म्हणजे माझी मुलगी, इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे.

बुधवार, १० सप्टेंबर

आज सर्व्हरच्या पोटात हात घातला. त्यात 'सर्व्हिसेस' नावाची एक साधी फाइल असते. कॉम्प्युटरला हजारो दारं असतात, त्यांना पोर्ट म्हणायचं, आणि दारांना नुसते नंबर असतात. नंबर कोणाच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून या फाइलच्या एकेका ओळीत सेवेचं नाव आणि पुढे तिच्या दाराचा नंबर लिहून ठेवतात. प्रोग्रॅम नाव सांगतो, नंबर घेतो आणि त्या दाराशी जातो. ही चौकशी करणारं फंक्शन म्हणजे गेट-सर्व्ह-बाय-नेम. मी कॉलेजात शिकलो तेव्हापासून त्यात काडीचा बदल झालेला नाही, त्यामुळे या वयात मला ते फार जवळचं वाटतं.

फाइल उघडली आणि हसूच आलं. मालोजी, ६१०४. रंगराव, ६१०५. पुढे सुजित, मग आणखी कोण कोण. प्रेस क्रमांक अमुक, विभाग तमुक असलं काही नाही, सरळ माणसांची नावं. मेंटेनन्सचे रंगराव शेजारीच उभे होते. म्हटलं, "हे रंगराव म्हणजे तुम्ही?"

"मीच की. आमच्यात मशीन आलं की ज्यानं पयल्यांदा चालवलं त्याचं नाव लागतं. मालोजी म्हंजी ती कोपऱ्यातली मोठी प्रेस. माणूस गेला बिचारा, प्रेस हाय."

नवमीला त्या त्या माणसाच्या घरचं कोणीतरी येऊन आपल्या मशीनपुढे नारळ फोडतं, असंही त्यांनी सांगितलं. ऐकायला छान वाटलं. पण उद्या बाहेरचा ऑडिटर आला तर त्याला काय सांगायचं, आज मालोजीतून तीन हजार ब्रॅकेट निघाले? नावं बदलायला हवीत.

गुरुवार, ११ सप्टेंबर

चाकणच्या कारखान्यांना सुटी गुरुवारी. घरी बसून लहानसा प्रोग्रॅम लिहिला, मालोजीचं दार कोणतं ते विचारणारा. उत्तर आलं ५५३१९. तासभर फाइलमध्ये हा आकडा शोधत बसलो. मग आठवलं, हे फंक्शन नंबर देतं तो नेटवर्कच्या रीतीने, त्याचे दोन बाइट आपल्या मशीनवर उलटे दिसतात, ते आधी सुलटे करून घ्यायचे. करून घेतले, ६१०४ आलं. ही चूक पहिल्या वर्षाची पोरं करतात. ओवीला सांगितलं नाही.

रविवार, १४ सप्टेंबर

आज सोसायटीची मीटिंग. पिंपळे सौदागरच्या एवढ्या सोसायट्यांत आमच्याइतकं नीट ॲप कोणाकडे नसेल, आणि सेक्रेटरी म्हणून त्याचं श्रेय मी घेणार. पूर्वी गेटवरच्या रजिस्टरमध्ये एका फ्लॅटसमोर तीन तीन नावं असत. आजोबांचं, भाडेकरूचं, कोणाचं लाडाचं. मी अट घातली, एका फ्लॅटला एकच नाव, आणि पाहुण्याने फ्लॅट नंबर सांगितला तरच आत. गेल्या महिन्यापासून गेट कसं शांत झालंय.

दुपारी गंगाखेडहून सासूबाईंचा फोन. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून त्या ओरडतात आणि फोन स्पीकरवर असला की घरभर ऐकू येतं. "सुभे, जेवलीस का गं?" ओवी हसायला लागली, म्हणाली, "आजी अजून तुला सुभीच म्हणते?" नीलिमा म्हणाली, "तिला दुसरं येतच नाही."

लग्नाआधी ती सुभद्रा होती. मला ते नाव आजीच्या पिढीतलं वाटलं. लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीने मी 'नीलिमा' लिहिलं, काना-मात्रा सांभाळून, आणि सगळ्या मावश्यांनी वा म्हटलं. तिलाही आवडलं असणार, ती काही बोलली नव्हती.

सासूबाईंनी ओवीला नेहमीचंच सांगितलं, तुझी आई खो-खोत अशी पळायची की जिल्ह्यात कोणाच्या हाती लागायची नाही. आम्ही दोघं हसलो. नीलिमा शिवार चौकात रस्ता ओलांडताना शेवटची गाडी जाईपर्यंत उभी असते. मी पलीकडे पोचून वाट बघत असतो.

बुधवार, १७ सप्टेंबर

झालं. सगळी नावं बदलली. मालोजी आता पीआरएस-०४, रंगराव पीआरएस-०५. नवीन फाइल प्रत्येक कॉम्प्युटरवर टाकली, माझे सगळे प्रोग्रॅम नव्या नावांनी दुरुस्त केले आणि नव्या सर्व्हरवर काम सुरू केलं. प्रेसवर तशीच स्टिकरही लावून घेतली. संध्याकाळपर्यंत माल निघाला, आकडे आले, ट्रकबरोबर जाणारी लेबलं छापली गेली. कुठे हूं की चूं नाही.

रंगराव कोपऱ्यातल्या प्रेसजवळ घुटमळत होते. "साहेब, आमचा मालोजी कुठं गेला?"

"नाव बदललं हो. मशीन आहे तिथंच आहे, दार तेच, नंबर तोच. नाव काय, आपल्या सोयीसाठी असतं."

"व्हय, सोयीसाठीच," ते म्हणाले आणि पाना घेऊन गेले. सयाजी साहेबांनी जाताना हात मिळवला. उद्या सुटी. येताना नीलिमासाठी सोनचाफा घेतला.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

सकाळी कारखाना सुरू झाला आणि मोठ्या प्रेसची लेबलं छापायची बंद. बाकी सगळं व्यवस्थित. लेबल नाही म्हणून माल हलत नाही, माल हलत नाही म्हणून गेटवर ट्रक एकामागे एक. मी पोचलो तेव्हा ड्रायव्हर लोक सावलीत पत्ते खेळत होते.

त्या प्रेसची लेबलं छापणारा प्रोग्रॅम फार जुना, कोणी लिहिला ते रंगरावांनाही आठवत नाही, मूळ कोड कोणाकडेच नाही. मी त्याला हातही लावलेला नाही. बुधवारी सगळं बदलल्यानंतर तो पूर्ण पाळी चालला होता, म्हणजे दोष माझ्या बदलांचा नाही. खात्री करायला जुना सर्व्हर परत जोडून पाहिला. तरीही लेबल नाही. मग दोष कोणाचा?

सयाजी साहेब चिडले नाहीत, ते जास्त वाईट. "तोवर हाताने लेबलं लिहून घेऊ. पण नवमीपर्यंतच, विलासराव."

मंगळवार, २३ सप्टेंबर

परवापासून झोप धड नाही. आज घरूनच काम करत होतो. केबल बदलली, प्रिंटर बदलला, आता कारखान्याच्या नेटवर्कवरची रेकॉर्ड तपासतोय. ऐन तंद्रीत गेटवरून वॉचमन गणराजचा फोन.

"साहेब, एक बाई आल्यात. सुभद्रा म्हणून कोणाला तरी विचारायल्यात. फ्लॅट नंबर ठाऊक नाही म्हणतात."

असल्या वेळी दुसरा सेक्रेटरी वैतागला असता. मी शांतपणे ॲप उघडलं, सगळ्या इमारतींची यादी वरून खालपर्यंत पाहिली. नाही. भाडेकरूंची पाहिली. नाही. म्हटलं, "या नावाचं इथे कोणी नाही. शेजारच्या सोसायटीत विचारायला सांग."

नीलिमाने स्वयंपाकघरातून विचारलं, "कोणाचा फोन?"

"गेटचा. कोणीतरी चुकून आलंय," मी म्हटलं आणि पुन्हा कामाला लागलो. पण धागा तुटला होता तो तुटलाच.

बुधवार, २४ सप्टेंबर

पीआरएस-०४ चं दार उघडं आहे. मी बाहेरून ठोठावून पाहिलं, आतून सेवा उत्तर देते. मागेल त्याला आकडा देते. आणि लेबलवाला प्रोग्रॅम त्याच नेटवर्कवर, पाच पावलांवर बसून तिच्याकडे जातच नाही. का जात नाही ते कळत नाही.

घरी आलो तर नीलिमा शंकरपाळे करत होती. नवरात्रात मध्येच शंकरपाळे कशाला, विचारलं. तिची शाळेतली मैत्रीण रुपाली इकडे मुलाकडे आली आहे म्हणे. आईने देवळात रुपालीच्या जावेला आपल्या सोसायटीचं नाव सांगून ठेवलंय. "कधीही येईल ती. खो-खोत माझ्या शेजारीच बसायची." नंबर घे की, म्हटलं. आईकडे नंबर नाही, जाऊ तीर्थयात्रेला गेली, आणि रुपालीच्या घराला कुलूप. "येईल," नीलिमा म्हणाली, "पत्ता दिलाय म्हटल्यावर शोधत येईल."

येऊ दे. मला कोण भेटायला येतंय?

गुरुवार, २५ सप्टेंबर

सुटी. संध्याकाळी पुन्हा गणराज. परवाचीच बाई आली होती. हिंजवडीजवळ माणला मुलाकडे उतरली आहे, दसऱ्याला गावी परत जाणार, आणि सोसायटी हीच आहे असं तिचं ठाम म्हणणं. गणराजने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मी दिलेला नियम सांगितला. तेव्हा ती म्हणाली, दसऱ्याला निघायच्या आधी पुन्हा एकदा बघून जाते. चिकाटीची बाई आहे. गणराजला सांगितलं, फ्लॅट नंबर नसेल तर प्रत्येक वेळी मला फोन करू नकोस.

थोड्या वेळाने नीलिमा घटाची फुलं घेऊन वर आली. म्हणाली, "गेटसमोर रिक्षा वळत होती, आत पाठमोरं कोणीतरी ओळखीचं वाटलं." मी म्हटलं, तुला सगळेच ओळखीचे वाटतात. शंकरपाळ्यांच्या डब्याला ओवीने हात लावला तर तिला ओरडा बसला.

रविवार, २८ सप्टेंबर

काय लिहू आणि कसं लिहू. आधी काम लिहितो, ते सोपं आहे.

सकाळी चाकणला गेलो आणि ठरवलं, आता तर्क बंद. तो जुना प्रोग्रॅम सुरू केल्यावर नक्की काय काय करतो त्याचा माग काढायचा, पावलागणिक. काढला. तो सुरू होतो. सर्व्हिसेसची फाइल उघडतो. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. फाइल बंद करतो. आणि गप्प बसतो. दाराशी जातच नाही, कारण त्याला दाराचा नंबरच मिळत नाही.

मग त्याच्या पोटातली अक्षरं बाहेर काढून पाहिली. त्यात एक नाव होतं, मालोजी.

नावं बदलली त्या बुधवारी तो चालला त्याचं कारणही लगेच कळलं, आणि स्वतःच्याच डोक्यात एक मारून घ्यावीशी वाटली. नाव तो एकदाच विचारतो, सुरू होताना. बुधवारी तो आधीपासून चालू होता, नंबर त्याच्या खिशात होता. गुरुवारी कारखाना बंद झाला, शुक्रवारी तो नव्याने उठला आणि मालोजी कुठे राहतो म्हणून विचारायला गेला. मी मालोजीला पुसून टाकलं होतं. जुना सर्व्हर जोडूनही फरक पडला नाही, कारण फाइल लेबलं छापणाऱ्या कॉम्प्युटरवरची होती, माझी, स्वच्छ केलेली.

उपाय एका शब्दाचा. या फाइलमध्ये नाव आणि नंबर झाला की त्याच ओळीत पुढे दुसरी नावंही लिहिता येतात. मुख्य नाव पहिलं, बाकीची मागून. कोणत्याही नावाने विचारलं तरी नंबर एकच मिळतो. हे मला कॉलेजपासून माहीत आहे, मीच पोरांना शिकवलंय. पीआरएस-०४, ६१०४, आणि पुढे लिहिलं, मालोजी. प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला. प्रिंटर खरखरला आणि लेबल बाहेर आलं. रंगरावांनी ते फाडून घेतलं, वाचलं आणि म्हणाले, "आला जाग्यावर." मग मी बाकीच्या ओळींतही एकेक जुनं नाव परत लिहीत गेलो. सयाजी साहेबांना फोन केला. ते म्हणाले, तीन दिवस असंच चालू दे, मग बोलू.

निघालो तेव्हा डोकं अगदी हलकं होतं. मोशीच्या पुढे नेहमीसारखी गर्दी तुंबली होती, गाडी बंद करून उभा होतो आणि मनातल्या मनात तो माग पुन्हा वाचत होतो. फाइल उघडतो, वरून खालपर्यंत वाचतो, बंद करतो, गप्प बसतो. हे मी कोणाला तरी करताना पाहिलंय असं वाटत राहिलं. मागचे लोक हॉर्न वाजवायला लागले तेव्हा आठवलं. मंगळवारी. मी स्वतः. सुभद्रा.

कॉम्प्युटरने केलं तर समजतं, त्याला फाइलपलीकडे काही माहीतच नसतं. माझ्या तर स्वयंपाकघरात होती ती. मला शरम वाटली, अजून वाटते आहे.

घरी आलो. नीलिमा कपड्यांच्या घड्या घालत होती. मी उभ्यानेच सांगितलं, गेटवर एक बाई दोनदा आली होती, सुभद्राला विचारत.

तिचे हात थांबले. "मग काय सांगितलंत?"

"या नावाचं इथे कोणी नाही."

तिने हातातल्या टॉवेलची घडी पुरी केली. मग ती उलगडली आणि पुन्हा घातली. "खरंच आहे की," ती म्हणाली. "कुठे आहे इथे?"

ती रागावली असती तर बरं झालं असतं. रागावलेली नीलिमा मला कळते. "दसऱ्याला परत येणार म्हणालीय," मी म्हटलं. "जाण्याआधी."

तिने पुढचा कपडा घडीला घेतला.

सोमवार, २९ सप्टेंबर

ॲपवाल्यांना फोन केला, आमच्या फ्लॅटला आणखी एक नाव जोडायचंय. ती मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, तुमच्याच सोसायटीने ती सोय बंद करून घेतलीय. चालू करायला कमिटीचं पत्र लागेल, आणि आता दसऱ्यानंतरच." परत पाठवलेल्या पाहुण्यांचे मोबाइल नंबर तरी द्या म्हटलं. ते रोज आपोआप पुसले जातात. तीही माझीच मागणी होती.

मंगळवार, ३० सप्टेंबर

कोणाला न सांगता माणला जाऊन आलो. माहीत काय, तर गंगाखेडची रुपाली आणि तिचा मुलगा. आडनाव नीलिमाला माहेरचं ठाऊक, सासरचं नाही. चार-पाच सोसायट्यांच्या गेटवर विचारलं. प्रत्येक ठिकाणी वॉचमनने माझ्याकडे तसंच पाहिलं आणि तेच विचारलं, फ्लॅट नंबर? एकाने तर पाणीही दिलं नाही. आमचा गणराज बरा म्हणायचा.

घरी सांगितलं तेव्हा नीलिमा पहिल्यांदा हसली. "तुम्ही गेलात? गेटवर उभे राहिलात?" मग म्हणाली, "तुमचं ते ॲप राहू द्या. दसऱ्याला मी खाली जाऊन बसते. ती नावाने शोधत येणार ना, मग मी दारातच असलेली बरी."

"सकाळपासून?"

"सकाळपासून."

बुधवार, १ ऑक्टोबर, खंडेनवमी

कारखान्यात आज झेंडूच झेंडू. लेबलं तीन दिवस सुरळीत छापली गेली. सयाजी साहेबांनी पूजेआधी बाजूला घेऊन सांगितलं, बाकीच्या दोन प्लँटचं कामही तुमचंच. हे वाक्य ऐकायला मी जूनपासून जगत होतो, आणि ऐकलं तेव्हा मनात आलं, उद्या पाऊस पडला तर गेटवर ती बसणार कुठे.

मालोजींची बायको अंबूबाई आली होती. खेडकडची म्हातारी, रुंद कपाळ, हातात नारळाची पिशवी. ती मशीन मशीन पाहत गेली आणि परत आली. "आमच्यांचं मशीन कुठं हाय? हितं तर समद्यांवर विंग्रजी चिकटवलंय."

मी तिला कोपऱ्यात नेलं. ती प्रेसला डावीकडून वळसा घालून खाली वाकली. "ह्या अंगानं त्याल गळायचं. अजून गळतं का वो?"

"गळतं की," रंगराव म्हणाले.

तिचं समाधान झालं. नारळ वाढवून, हळदकुंकू वाहून ती मशीनला नमस्कार करून उभी राहिली. मी रंगरावांकडून खडू मागून घेतला आणि माझ्या स्टिकरखाली मोठ्या अक्षरात लिहिलं, मालोजी. अंबूबाईला वाचता येत नव्हतं. काय लिहिलं म्हणून तिने विचारलं, मी सांगितलं. ती म्हणाली, "मंग बरं."

गुरुवार, २ ऑक्टोबर, दसरा

सकाळी पूजा झाली. गाडीला हार घातला, लॅपटॉपला हळदकुंकू लावलं, ओवीने त्याचा फोटो काढला. नीलिमा मोतिया रंगाची साडी नेसून, शंकरपाळ्यांचा डबा घेऊन खाली गेली. गणराजने प्लास्टिकची खुर्ची पुसून दिली. थोड्या वेळाने मीही एक खुर्ची घेऊन तिच्या शेजारी जाऊन बसलो.

सोसायटीतले लोक येता-जाता सोनं देत होते आणि विचारत होते, सेक्रेटरी साहेब, आज गेटवर ड्युटी? मी हो म्हणत होतो. नीलिमाच्या मांडीवर आपट्याच्या पानांचा ढीग झाला. ती प्रत्येक रिक्षाकडे बघायची, रिक्षा पुढे गेली की पानं नीट करायची. जेवायला वर चल म्हटलं तर नको म्हणाली. ओवीने ताटं खालीच आणली. गणराजनेही आमच्याबरोबर श्रीखंड-पुरी खाल्ली.

मी एकदा विचारलं, "नाव बदललं तेव्हा तुला वाईट वाटलं होतं का?"

"आज विचारताय," ती म्हणाली. एक रिक्षा पुढे जाऊ दिली आणि म्हणाली, "वाईट नाही. पण पुष्कळ दिवस कोणी नीलिमा म्हणून हाक मारली की मी मागे वळून बघायची, कोणाला बोलावतायत म्हणून."

उन्हं उतरायला लागली. गावी जाणाऱ्या गाड्या साधारण संध्याकाळी सुटतात. येणार असती तर एव्हाना आली असती, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. मी खुर्च्या उचलायचा विचार करत होतो.

तेवढ्यात रस्त्याच्या पलीकडे रिक्षा थांबली. हातात पिशवी घेतलेली एक जाडजूड बाई उतरली, रस्त्यावरची गर्दी बघून तिथेच अडली, आणि तिने गेटकडे पाहिलं. मग तिने पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हात तोंडाशी नेऊन हाक मारली.

"सुभे!"

नीलिमा उठली तशी मांडीवरची सगळी पानं खाली सांडली. पदर तिने कधी खोचला ते मी पाहिलं नाही. ती पळाली. हळू नाही, वाकून, एक खांदा पुढे काढून, समोरून येणाऱ्या दुचाकीला डावीकडून हूल देऊन. गणराज उभा राहिला. ओवीच्या हातात फोन होता, पण तिने फोटो काढला नाही. सत्तावीस वर्षांच्या संसारात मी तिला पळताना कधी पाहिलं नव्हतं.

मागून एक टेम्पो येत होता. जपून, म्हणून मी हाक मारणार होतो. तोंड उघडलं, पण कोणत्या नावाने मारावी ते मला ठरवता येईना, आणि तोवर ती रस्त्याच्या पलीकडे पोचलीसुद्धा.